भरून काढलेली घळ

"काका, परत तोच तुकडा?" आकांक्षाने खुर्ची मागे ढकलत विचारलं. "अख्खा महाराष्ट्र डिसेंबरमध्ये उतरवलाय ना तुम्ही? मग सकाळपासून हे काय लावलंय?"

"जुना उतरवतोय," दौलत घाडी म्हणाला. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती आणि त्याची नजर काही तिच्यावरून हलत नव्हती.

"जुना? अहो, तो कचरा आहे. नुसती भोकं. नवीन एवढा क्लीन असताना जुना कशाला?"

"आहे काम."

आकांक्षाने खांदे उडवले. पोरगी मनाने चांगली होती. दिवाळीनंतर तिने दौलतला एकदाही "कसे आहात" असं विचारलं नव्हतं, आणि त्याबद्दल तो तिचा मनापासून ऋणी होता. कसा असणार होता तो? पोटचा एकुलता एक पोर गेल्यावर माणूस कसा असतो?

परळला एका बंद गिरणीच्या आवारात ही नकाशांची कंपनी. दौलतचा बाप याच आवारात कापडाचे साचे चालवायचा, आता तिथे काचेची इमारत उभी आहे आणि तिसऱ्या मजल्यावर दौलतचं टेबल. पूर्वी तो इथे ट्रेसर होता. काचेच्या टेबलाखाली दिवा लावून, श्वास रोखून, डोंगरांच्या रेघा गिरवायचा. ते काम संपलं, बाकीच्यांना नारळ मिळाला. दौलत तेवढा राहिला, कारण एक काम कुणालाच नको होतं. परदेशातल्या संस्थांनी उपग्रहावरून अख्ख्या पृथ्वीची उंची मोजून फुकट ठेवली आहे. दर तीस मीटरला एक आकडा. या आकड्यांचे चौकोनी तुकडे असतात, आणि असे ढिगाने तुकडे उतरवायचे म्हणजे डोक्याला ताप. मधेच सर्व्हर झोपतो, अर्धी फाइल पूर्ण आल्याचं खोटं सांगते, पुन्हा मागवा, पुन्हा तपासा. शिकलेली पोरं दोन दिवसांत कावतात. दौलत कावत नसे. कोकणातला माणूस, शेतातल्या चिखलातून खेकडा निघेपर्यंत वाट बघायची सवय.

"बाबा काय करतात?" असं कुणी विचारलं की सुशांत म्हणायचा, "डोंगर डाउनलोड करतात." लालबागच्या त्यांच्या चाळीत ही थट्टा कायमची झाली होती. दौलत जिना चढताना दिसला की गॅलरीतून कुणीतरी ओरडायचंच, "काय दौलतराव, आज किती डोंगर उतरवलेत? आमच्यासाठी एखादा पिशवीतून आणा की!" दौलत हसायचा. त्याला ते आवडायचं, खोटं कशाला बोला. साच्यावर काम करणाऱ्याचा पोर, पण त्याच्या कामाला चाळीत निदान नाव तरी होतं.

दिवाळीच्या सुट्टीत पोरांनी घाटमाथ्यावरची एक आडवाट धरायचं ठरवलं. सुशांत, विनीत आणि त्यांचे आणखी दोन मित्र. विनीत म्हणजे त्याच गॅलरीच्या दुसऱ्या टोकाचा, सुशांतबरोबर बालवाडीपासूनचा. एकाच्या घरी जेवून दुसऱ्याच्या घरी हात धुणारी जोडी. नेहमीच्या वाटांचे नकाशे फोनवर मिळतात, पण या आडवाटेचा काही मिळेना. सुशांत बापाच्या मागे लागला. "बाबा, तुम्ही बनवा ना. घरचा माणूस असताना बाहेर कशाला शोधायचं?" दौलतने ऑफिसात दुपारच्या सुट्टीत बसून नकाशा केला. उंचीच्या रेघा, पाण्याच्या जागा, पठाराची कड, सगळं. पोरांच्या फोनवर धाडला. त्या दिवशी छाती जरा फुगलीच होती त्याची.

पठारावर पहाटे दाट धुकं होतं. सुशांत फोन हातात धरून पुढे चालत होता, विनीत त्याच्या मागे. पठार सरळ जातं असं समजून ते चालत राहिले. पठार सरळ जात नव्हतं. मधे एक अरुंद, खोल घळ होती, दोन्ही बाजूंना गवत वाढलेली. सुशांत तिच्यात गेला. खालच्या गावातल्या माणसांनी आणि बचाववाल्या पोरांनी त्याला वर काढला तेव्हा ओळखायला फक्त हातातला गंडा उरला होता. एवढंच. यापुढे सांगण्यासारखं काही नाही.

घरात सुतक. चूल पेटवायची नाही, म्हणून शेजारपाजारच्या बायका जेवणाची भांडी आणून ठेवायच्या. विनीतच्या आईनेही पिठलं-भात आणला. मालनने, दौलतच्या बायकोने, ते पातेलं दारातूनच परत पाठवलं. "ह्यांचा अन्न माझ्या पोटात जावचा नाय," म्हणाली. कारण तिला एकच गोष्ट दिसत होती: चौघे गेले, तिघे आले. आणि जो मागे चालत होता, तो आला.

तरी दौलतने तेव्हा विनीतला दोष दिला नव्हता. दिला तो डिसेंबरात.

डिसेंबरात कंपनीने अख्ख्या महाराष्ट्राचा उंचीचा डेटा नव्याने उतरवायला सांगितला. ते काम आटोपल्यावर एका दुपारी दौलतने धीर करून सुशांतचा तो नकाशा उघडला. उघडला आणि बघतच राहिला. घळ होती! त्या पठारावर रेघा एकमेकींना चिकटून, अगदी आंधळ्यालाही दिसेल अशी स्पष्ट घळ. म्हणजे नकाशा बरोबर होता. पोरांनी बघितलं नाही. त्याला भोवळ आल्यासारखं झालं आणि त्याच वेळी, देवा माफ कर, बरंही वाटलं. इतके दिवस छातीवर जो दगड होता तो कुणीतरी उचलून दुसऱ्याच्या छातीवर ठेवला.

त्याच संध्याकाळी विनीत गॅलरीत भेटला. चाळ सगळी बाहेर होती, नळाला पाणी आलं होतं. दौलत सगळ्यांसमोर म्हणाला, "नकाशात घळ होती. मी आज बघितली. डोळे फुटले होते का रे तुझे?"

विनीतने त्याच्याकडे बघितलं. मग घरात निघून गेला.

तेव्हापासून त्या पोराला वाळीतच टाकलं म्हणा. मंडळाच्या मीटिंगला कुणी बोलावेना. क्रिकेटच्या टीममधून नाव गेलं. विनीतची आई पाणी भरायला सगळ्यांच्या मागून यायला लागली. आणि मालन? मालन रोज सकाळी गॅलरीत तुळशीला पाणी घालताना त्याच्या दाराकडे तोंड करून जे बोलायची, ते इथे लिहिण्याजोगं नाही. दौलत आतून ऐकायचा. थांबवायचा नाही. बोलू दे, त्याला वाटायचं, तिचं तेवढंच उरलंय.

मग गेल्या आठवड्यात आकांक्षा ऑफिसातल्या एका नव्या मुलीला शिकवत बसली होती. "हे बघ, हा नवीन डेटा आहे. जुन्यात घाटात खूप भोकं होती, खोल जागी रडार पोचत नाही ना. पण फाइलची नावं सेम. त्यामुळे नवीन उतरवला की जुन्यावरच बसतो. आपले जुने प्रोजेक्ट उघडलेस तरी आता आतला डेटा नवीनच दिसणार, लक्षात ठेव."

दौलत जिथे होता तिथेच उभा राहिला. नावं सेम. जुन्यावर नवीन बसतो. म्हणजे डिसेंबरात त्याने उघडलेला नकाशा दिसायला तोच होता, पण त्याच्या पोटातले आकडे बदललेले होते. पोरांना दिला तेव्हा पोटात काय होतं, ते त्याने बघितलंच नव्हतं.

म्हणून हा जुना तुकडा. जुना डेटा आता सहज मिळत नाही, तिकडच्या जुन्या साठ्यातून मागावा लागतो, आणि तिथून सुटा तुकडा देत नाहीत. अख्खा पट्टा एकगठ्ठा घ्यायचा, तोही त्यांच्या सवडीने. रोज मागायचा, रोज अर्ध्यात तुटायचा. दौलत पुन्हा मागायचा. आयुष्यात त्याने हजारो तुकडे उतरवले, पण एखादा तुकडा येऊ नये असं मनातून वाटण्याची ही पहिलीच वेळ.

दुपारी पट्टी शेवटाला पोचली. आकांक्षा डबा घेऊन पॅन्ट्रीत गेली होती. दौलतने तुकडा उघडला, पठारावर गेला, मोठा केला.

घळीच्या जागी काळा डाग होता.

त्यावर माउसचा बाण नेला की खाली आकडा दिसायचा, उणे बत्तीस हजार आणि काही. म्हणजे उंची नाही. म्हणजे इथे काय आहे ते आम्हाला माहीत नाही, असं त्या यंत्राने प्रामाणिकपणे सांगून ठेवलं होतं. आणि ऑफिसात शिरस्ता असा की हे डाग ठेवायचे नाहीत. गिऱ्हाईक ओरडतं. तुकडा उतरला की पहिलं काम भोकं भरायची. एक बटण दाबायचं, कॉम्प्युटर आजूबाजूचे आकडे बघतो आणि मधलं भरून टाकतो. दौलतने ते बटण दाबलं. अल्याडचा काठ आणि पल्याडचा काठ सारख्याच उंचीचे. काळा डाग गेला. मधे छान सपाट जमीन आली. पठार सरळ पुढे गेलं.

हाच नकाशा. हाच त्याने पोराच्या हातात दिला होता.

त्याने आठवायचा प्रयत्न केला. त्या दिवशी हे बटण दाबताना तो काय करत होता? डबा खात होता? कुणाशी बोलत होता? काही म्हणता काही आठवेना. दाबलं असणारच, रोज दाबायचा. एवढी मोठी गोष्ट आपल्या हातून झाली आणि तिची साधी आठवणही आपल्याकडे असू नये, याने त्याला रडू फुटलं. तो तोंडावर रुमाल धरून रडला.

मग एक विचार आला, आणि तो आला हे लपवण्यात अर्थ नाही. हा तुकडा पुसला तर? जगात कुणाला ठाऊक होणार नाही. आकांक्षाला वाटेल, काकांचं डोकं फिरलं होतं, आता ताळ्यावर आलं. नव्या डेटात घळ आहेच. बोट पुसायच्या बटणावर गेलंसुद्धा. तिथे ते किती वेळ होतं, देव जाणे. शेवटी त्याने बोट उचललं, कॉम्प्युटर बंद केला आणि डबा खाऊन परतलेल्या आकांक्षाला म्हणाला, "मी निघतो. बरं नाही."

"काका, सोडायला येऊ का?"

"नको गं बाळा."

विनीत शिवडीला गोदीजवळ एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे नोकरीला होता. दौलत चालतच गेला. ऊन डोक्यावर, रस्त्यात ट्रकच्या रांगा, हवेत खाडीच्या चिखलाचा वास. विनीत गोदामाच्या दारात उभा राहून हमालांना खोके मोजून देत होता. दौलतला बघितल्यावर त्याने हातातलं पेन खिशात ठेवलं आणि नुसता उभा राहिला. मार खायला तयार असलेला माणूस उभा राहतो तसा.

"विनीत, जरा बाजूला ये."

दोघं गोदामाच्या सावलीला गेले. दौलतला वाटेत जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

"तुझ्या फोनवर तो नकाशा आहे अजून?"

विनीतचा हात खिशातल्या फोनवर गेला.

"आहे का रे?"

"आहे काका."

"घळ आहे त्यात?"

विनीतने मान खाली घातली. बुटाच्या टोकाने जमीन उकरत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "सपाट आहे."

"तुला ठाऊक होतं?"

"त्या दिवशी तुम्ही गॅलरीत बोललात ना, तेव्हाच घरात जाऊन बघितलं. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. मग झूम करून करून बघितलं. नाहीये काका. कुठेच नाहीये."

"मग बोलला का नाहीस?" दौलत ओरडला. हमालांनी वळून बघितलं. "इतके महिने शिव्या खाल्ल्यास! तुझी आई खाली मान घालून पाणी भरते! तोंड नव्हतं तुला?"

"काय बोलणार होतो?" विनीतचा आवाजही चढला. "बाहेर येऊन सगळ्यांना फोन दाखवू? बघा, काकांनीच... कसं बोलणार यार? तुमचा चेहरा बघितला होता मी. सुशांत गेल्यापासून पहिल्यांदा तुम्ही नीट उभे होतात."

दौलत खाली बसला. तिथेच, धुळीत. विनीत त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"मी त्याला बोललो होतो काका. धुकं जाऊ दे, थांबू या. तर म्हणाला, अरे बाबांचा मॅप आहे, डोळे मिटून चाल." विनीतने बाहीने नाक पुसलं. "मी त्याचा हात धरायला पाहिजे होता. ते माझं चुकलंच. तेवढं तरी माझं आहेच ना. मग काकू बोलतात ते बोलू दे. त्यांना नका सांगू. मला सवय झालीय. त्यांना कुणावर तरी राग काढायला मिळतो, माझ्यावर काढू दे. तुमच्यावर काढला तर त्या घरात राहणार कशा तुमच्याबरोबर?"

या पोराला आपण आंधळा म्हणालो. दौलतने त्याच्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला, पण तो हात ठेवायचा हक्क आपल्याला उरलाय का, हे न कळून तसाच खाली घेतला.

घरी आला तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. मालन जमिनीवर बसून वाल सोलत होती.

"आज लवकर?" तिने विचारलं. "बरा नाय काय?"

त्याला वाटलं, विनीत म्हणाला तेच खरं. कशाला सांगायचं? निदान हिच्या ताटातलं अन्न तरी सुखाने खाऊ. उद्या सकाळी ही पुन्हा तुळशीपाशी उभी राहील, पुन्हा त्या दाराकडे तोंड करेल, आणि आपण आतून ऐकू. रोज. मरेपर्यंत.

"मालन," तो म्हणाला, "विनीतची चूक नव्हती."

"परत त्याचा नाव काढू नका माझ्याफुडे."

"नकाशात घळ नव्हती. मी डिसेंबरात बघितला तो वेगळा होता, नवा. पोरांना दिला त्यात घळीच्या जागी सपाट जमीन होती. ती मीच भरली होती. मशीनने भोक ठेवलं होतं, मी भरलं. नेहमीसारखं भरलं, बघितलंसुद्धा नाही."

मालनचे हात थांबले. तिला डेटा कळत नव्हता, भोक कळत नव्हतं. पण पंचवीस-तीस वर्षं ती या माणसाचा आवाज ऐकत आली होती, त्यामुळे जे कळायचं ते कळलं. दौलत वाट बघत होता, ती ओरडेल, काहीतरी फेकून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तो नकाशो तुमचो," तिने हळू विचारलं, "ह्या त्याका ठावक होता मा?"

"होय. डोळे मिटून चाल म्हणाला होता विनीतला. बाबांचा आहे म्हणून."

"मगे भियालो नसतलो," मालन म्हणाली.

पोर भ्यालं नसेल, असं सांगून ती दौलतची समजूत घालत होती की त्याला आयुष्यभराची शिक्षा सुनावत होती, हे त्याला कळलं नाही. बहुतेक तिलाही ठाऊक नसावं.

ती उठली. पदराला हात पुसले, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि त्याच्याकडे न बघता बाहेर गेली. गॅलरीतून तिच्या पावलांचा आवाज दुसऱ्या टोकाला गेला. दार वाजलं. विनीतच्या आईने उघडलं असावं.

मग मालनचा आवाज आला. ती कुजबुजत बोलत नव्हती. रोज सकाळी ज्या आवाजात शिव्या घालायची, त्याच आवाजात, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "वहिनी, तुमच्या झिलाची काय्येक चूक नाय. नकाशो माझ्या घोवान चुकीचो केल्लो. मी इतके दिस तुमच्या दारात घाण टाकलंय. माका माफ करा." आणि मग तिचं रडणं. त्यात दुसऱ्या बाईचं रडणं मिसळलं.

एकेक दार उघडायला लागलं. कुणीतरी टीव्ही बंद केला. खालच्या मजल्यावरून कुणीतरी "काय झालं रे?" म्हणून वर बघत ओरडलं.

दौलतची पहिली धाव दाराकडे गेली ती कडी घालायला. हात कडीला लागलाही होता. बाहेर सगळी चाळ उभी होती, आणि आता सगळ्यांना माहीत होतं. त्याने कडी सोडली. दाराची अर्धी मिटलेली फळी होती तीही उघडली, आणि हात दोन्ही बाजूंना सोडून तो उंबऱ्यात उभा राहिला, ज्याला बघायचं असेल त्याला नीट बघता यावं म्हणून.